जूनची शाळा आणि मुलाच्या मनाची तयारी

महाराष्ट्रात विदर्भ सोडला तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात. 2025 साली हा दिवस 16 जूनचा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात घरातल्या मोठ्या माणसांसाठी हेच दिवस सर्वांत अडचणीचे असतात. मृग लागलेला असतो. पाऊस पडला तर पेरणीची घाई, नाही पडला तर डोळे आभाळाकडे. ज्येष्ठात पालख्या निघतात, तेव्हा आजी-आजोबा वारीच्या तयारीला लागलेले असतात. या धांदलीत दप्तर, वह्या, बूट, पाण्याची बाटली एवढी खरेदी मोहोळच्या बाजारातून एका फेरीत उरकते. मनाच्या तयारीला बहुतेक घरांत सुरुवात होते ती पहिल्या दिवशी सकाळी, शाळेच्या फाटकापाशी. तोवर मूल हमसून रडू लागलेले असते आणि मागे मोटारसायकल चालू ठेवून उभ्या असलेल्या वडिलांना शेतावर जायचे असते.

मुलाला शाळेची भीती वाटते असे म्हणतात, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला अख्ख्या शाळेची भीती क्वचितच असते. त्याची भीती बारीकसारीक आणि नेमकी असते. लघवीला लागली तर कुठे जायचे? चड्डीचा हूक निघाला नाही तर? बाई काय म्हणाल्या ते कळले नाही तर? वाटेतले कुत्रे अंगावर आले तर? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, घरी न्यायला कोण येणार, आणि कुणी आलेच नाही तर? यावर घरातून उत्तर मिळते, ‘काही होत नाही, शहाण्या मुलांनी घाबरायचं नसतं.’ हा धीर झाला, उत्तर नव्हे. मुलाचा प्रश्न जागच्या जागी राहतो, वर घाबरल्याची लाजही त्याला चिकटते. मुलाला धीरापेक्षा माहितीची गरज जास्त असते, आणि शाळेच्या आधीची भावनिक तयारी म्हणजे बहुतांशी ही माहिती वेळेवर, खरी आणि मुलाला हाताळता येईल अशी पुरवणे.

ताटातुटीची भीती हा दोष नाही, हेही आधी लक्षात घ्यावे. लहान मूल एका-दोन माणसांशी घट्ट बांधलेले असते आणि त्या आधारावरच ते बाहेरचे जग धुंडाळायला निघते, ही मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केली. आज बालमानसशास्त्राचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. आईला बिलगणारे मूल ‘लाडावलेले’ असते असा निष्कर्ष या मांडणीतून निघत नाही. जाणारे माणूस परत येते, हा अनुभव मुलाच्या गाठीशी पुरेसा साठला की पकड आपोआप सैल होते. हा अनुभव मे महिन्यात देता येतो, जूनमध्ये तो घाईघाईने द्यावा लागतो.

वयाचा हिशेबही पालकांना माहीत असावा. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे धरले जाते. त्यामुळे जूनमध्ये एकाच वर्गात साडेपाच वर्षांचे मूलही बसते आणि साडेसहाचेही. या वयात वर्षभराचे अंतर फार मोठे. बोटांची पकड, बसण्याची सहनशक्ती, लघवीवरचा ताबा, वेगळे राहण्याची तयारी, सगळ्यांतच ते दिसते. डिसेंबरात जन्मलेले मूल शेजारच्या फेब्रुवारीतल्या मुलापेक्षा जास्त रडले तर त्यात नवल नाही आणि तुलना करण्याजोगेही काही नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीला येणाऱ्या मुलांसाठी 2022 पासून शाळापूर्व तयारी अभियान चालते. ‘पहिले पाऊल’ या नावाने त्याचे मेळावे होतात, एक उन्हाळी सुट्टीच्या आधी, दुसरा शाळा उघडताना. मेळाव्यात नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबले मांडलेली असतात. मूल एकेका टेबलावर उड्या मारते, रंग भरते, वस्तूंचे गट करते, चित्र पाहून बोलते, आणि त्याच्या हाती विकासपत्र येते. दोन मेळाव्यांमधल्या आठवड्यांसाठी वस्तीवरच्या आयांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डे दिली जातात. कागदावर हा उपक्रम शिकण्याच्या तयारीचा आहे. मात्र त्याचा खरा फायदा भावनिक आहे, असे ज्यांनी असे मेळावे पाहिले त्यांना सहज पटेल. रडायचे कारण नसताना, आई शेजारी असताना, मूल एकदा शाळेच्या आवारात वावरून घेते आणि पहिलीच्या बाईंचा चेहरा ओळखीचा होतो. म्हणून पहिला मेळावा चुकवू नये. ‘त्यात काय शिकवतात’ म्हणून तो टाळणारे पालक नेमकी हीच गोष्ट हातची घालवतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचा गाभाच असा होता की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही भरवली. आधी ओळख, मग खेळ-गाणी, आणि अक्षरे त्यानंतर, हा त्यांचा क्रम. आजच्या पालकांनाही तोच क्रम घरी पाळता येतो. मे महिन्यात बाराखडी घोटून घेण्यापेक्षा हे काम सोपे आहे आणि उपयोगाचेही.

सुट्टीत काय बोलले जाते, याचा परिणाम जूनमध्ये दिसतो. उन्हातान्हात हुंदडणाऱ्या पोराला आवरायला मोठ्यांकडे एक तयार अस्त्र असते, ‘थांब, जूनमध्ये शाळेत जा, मग गुरुजी बघतील तुझ्याकडे.’ हे वाक्य दीड महिना रोज ऐकलेल्या मुलाने पहिल्या दिवशी गुरुजींना पाहून भोकाड पसरले, तर दोष त्याचा नाही. शिक्षकाला बागुलबुवा करणे अगदी थांबवावे. उलट टोकही तितकेच अडचणीचे आहे. ‘शाळेत नुसती मज्जा असते, खाऊ मिळतो, खेळायला मिळतं’ असे सांगून पाठवलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी रांगेत बसवून पाटीवर रेघा काढायला लावतात, तेव्हा त्याला फसवल्यासारखे वाटते. खरे तेच सांगावे: काही वेळ खेळ, काही वेळ बसायचे, मध्ये जेवण, मग परत थोडे बसायचे आणि घरी. थोरल्या भावंडांच्या तोंडी फिरणाऱ्या छड्यांच्या आणि अंधाऱ्या खोल्यांच्या कहाण्यांवरही कान ठेवावा. त्या रंगवून सांगण्यात थोरल्यांना मजा येते, धाकट्याची मात्र झोप उडते.

शाळा मे महिन्यात बंद असली तरी तिथे जाणारा रस्ता उघडाच असतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन-चार वेळा मुलाला चालत शाळेपर्यंत न्यावे, आणि जाताना बोट दाखवून ओळखीची ठिकाणे ठरवावीत: हे किराणा दुकान, हा हापसा, इथे वळायचे, ही चिंच, हे फाटक. मोहोळ शहरात आणि आसपास रस्त्याचा प्रश्न खरा आहे. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो आणि पंढरपूरकडून येणारा पालखी महामार्ग इथेच त्याला मिळतो. अवजड वाहनांचा आवाज मुलांना आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त घाबरवतो. कुठून ओलांडायचे, कुणाचा हात धरायचा, हे ठरलेले असले की ती भीती निम्म्याने उतरते. शाळेत पोचल्यावर वर्ग खिडकीतून दाखवावा, आणि पाण्याची टाकी व स्वच्छतागृह तर आवर्जून. मुले शाळेतल्या स्वच्छतागृहाला बिचकतात, म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि दुपारनंतरची चिडचिड, डोकेदुखी, पोटदुखी कित्येकदा तिथून सुरू होते. त्या खोलीला आतून कडी आहे का, ती मुलाच्या हाताला पुरते का, हे बघण्यात संकोच कसला?

आत्मविश्वासाचा मोठा भाग हातांत असतो. डब्याचे झाकण मोठ्या माणसाला सोपे वाटते, पाच वर्षांच्या मुलाला नवा घट्ट डबा उघडत नाही. ते उपाशी राहते आणि लाजेने सांगत नाही. म्हणून नव्या वस्तू शाळेच्या आदल्या दिवशी हाती देऊ नयेत. आठवडाभर आधीपासून घरच्या जेवणाला मुलाने तोच डबा उघडून त्यातली चटणी-भाकरी खावी, त्याच बाटलीने पाणी प्यावे. गणवेशाची चड्डी किंवा स्कर्ट हुकाचा असेल तर तो स्वतः काढता-घालता येतो का पाहावे आणि येत नसेल तर सरळ इलास्टिक लावून घ्यावे. शिंप्याकडचे पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याने मुलाची वर्गासमोरची फजिती टळते. बूट बंदांऐवजी पट्ट्याचे घ्यावेत. आपली चप्पल पन्नास चपलांतून ओळखता यावी म्हणून तिला रंगीत दोरा बांधावा. शाळेच्या पोषण आहारात भात, खिचडी असते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला रोजचा भात पचनी पडायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवातीला ते कमी खाते म्हणून रागावू नये.

भाषेचाही मुद्दा आहे, आणि तो पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. सोलापूर जिल्ह्यात घरी कन्नड, तेलुगू, दखनी, गोरमाटी बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. मराठी बोलणाऱ्या मुलांनाही पुस्तकी मराठी ऐकायची सवय नसते. मुलाला सगळे कळलेच पाहिजे असे नाही, पण चार-पाच वाक्ये त्याच्या तोंडी तयार असावीत: ‘मला लघवीला जायचंय’, ‘पाणी पिऊन येऊ का?’, ‘मला कळलं नाही, परत सांगा’, ‘हा मला मारतोय’, ‘माझ्या पोटात दुखतंय’. ही वाक्ये उपदेशासारखी शिकवू नयेत. घरात शाळा-शाळा खेळावी. मुलाला बाई करावे आणि आईने विद्यार्थी होऊन हात वर करावा, ‘बाई, लघवीला जाऊ?’ मूल बाईंच्या भूमिकेतून परवानगी देते तेव्हा ती मिळते हे त्याला आतून पटते. घरी एक शब्द इंग्रजी बोलत नसताना मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणाऱ्या पालकांनी प्रवेशाआधी एकच गोष्ट नीट विचारावी: पहिले काही महिने मूल वर्गात मराठीत बोलले तर चालते का? ‘चालत नाही’ असे उत्तर आले तर शाळा दुसरी बघावी. आपली गरज सांगायला ज्याच्याकडे भाषाच ठेवली नाही, त्या मुलाचे रडणे कुठल्याही तयारीने थांबत नाही.

झोपेचे गणित शेवटच्या पंधरवड्यात बसवावे. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात उशिरापर्यंत गप्पा चालतात, सकाळ ऊन वर आल्यावर उजाडते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज 9 ते 12 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13. झोपायची आणि उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणावी. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरवले. त्याने मुलांना थोडा श्वास मिळाला आहे. अपुऱ्या झोपेतून उठवलेले मूल रडते ते शाळेमुळे नव्हे, पण ते रडणे शाळेच्या नावावर जमा होते.

घरातले मुलाचे आधाराचे माणूस कोण, याचा विचार शेवटच्या आठवड्यात नक्की व्हावा. पुष्कळ घरांत ते आई नसून आज्जी असते, आणि आज्जी ऐन त्या दिवसांत वारीला निघते. दोन्ही ताटातुटी एका आठवड्यात आल्या तर मूल दुप्पट बिथरते. वारी रद्द करायची गरज नाही. आज्जीने जाण्यापूर्वी स्वतः मुलाला सांगावे, ‘मी पंढरपूरला चाललेय, एकादशी झाली की येणार, तोवर तुला न्यायला आत्या येईल.’ मागाहून इतरांनी सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पहिल्या दिवशी बहुतेक शाळांत प्रवेशोत्सव असतो. फुगे, गुलाबाचे फूल, नवी पुस्तके, गोड जेवण, कुठे बैलगाडीतून मिरवणूक. हौशी शाळांचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण ढोल-ताशा आणि अनोळखी पाहुण्यांची भाषणे लाजाळू मुलाला भारी पडतात. अशा मुलाला थोडे लवकर न्यावे, वर्गात जागा शोधून द्यावी, एखाद्या ओळखीच्या सवंगड्याशेजारी बसवावे आणि गडबड सुरू होण्याआधी निरोप घ्यावा. निरोप छोटा, ठरलेला आणि उघड असावा. ‘मी जातो. जेवणाची सुट्टी झाली, मग गोष्ट झाली, मग घंटा झाली की मी या झाडाखाली असेन.’ मुलाला घड्याळ कळत नाही, दिवसाचा क्रम कळतो. त्याचे लक्ष नाही असे पाहून हळूच सटकणे हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. त्या दिवशी रडणे टळते खरे, पण आपली पाठ वळली की माणूस नाहीसे होते हा धडा मूल घेते आणि पुढे आठवडाभर मान वळवून दाराकडे बघत बसते. दुसरे टोक म्हणजे खिडकीतून डोकावत तासभर रेंगाळणे. आई दिसत राहिली की रडणे लांबते. बहुतेक मुले पालक दिसेनासे झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात, हे कुठलीही अंगणवाडीताई सांगेल. आणि झाडाखाली उभे राहण्याचा शब्द दिला असेल तर घंटेच्या आधी तिथे असावे. त्या एका दिवशी उशीर चालत नाही.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर ‘काय नाही’ असेच येते. आधी पाणी, खायला, अर्धा तास मोकळा. मग सुटे प्रश्न विचारावेत: शेजारी कोण बसलं होतं, खिचडी कुणी वाढली, कोण रडलं, हसू कशाचं आलं. दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येऊन क्षुल्लक कारणावरून आदळआपट करते, त्याचाही अर्थ समजून घ्यावा. बाहेर आवरून धरलेले ते घरी सोडते, कारण घर सुरक्षित आहे.

खरी कसोटी पहिल्या दिवशी नसते, दुसऱ्या आठवड्यात असते. फुगे संपतात, शाळा रोजची आहे हे मुलाच्या ध्यानात येते आणि सोमवारी सकाळी पोटात दुखू लागते. हे दुखणे सोंग नसते. ताणाने पोट खरेच दुखते. ताप, उलटी, जुलाब नाहीत ना एवढे पाहून, न रागावता, शाळेत पाठवावे. ‘दुखतंय हे मला कळतंय. शाळेत जाऊ, बाईंना सांगून ठेवू.’ एक दिवस घरी ठेवले की दुसऱ्या दिवशी जाणे अधिक अवघड होते. त्याच वेळी शाळेत चौकशी करावी. कधी मागच्या बाकावरचा मोठा मुलगा पेन्सिली हिसकावत असतो, कधी खुद्द वर्गात आवाज चढलेला असतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक त्रासावर बंदी घातली आहे. आधी शिक्षकांशी शांतपणे, मुलाच्या पाठीमागे बोलावे, उपयोग झाला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे जावे. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुलासमोर शिक्षकांना नावे ठेवू नयेत. ज्यांना घरी शिव्या बसतात त्यांच्या वर्गात दिवसभर बसायचे ओझे मुलावर पडते.

पहिलीच्या मुलाची सगळ्यांना काळजी असते, पाचवीच्या मुलाची कुणालाच नसते. खेड्यातली पुष्कळ मुले चौथीपर्यंत वस्तीवरच्या किंवा गावच्या शाळेत शिकतात, जिथे दोन शिक्षक आणि तीस-चाळीस मुले, सगळी एकमेकांची चुलत-मावस. पाचवीला ती मोहोळच्या किंवा मोठ्या गावच्या हायस्कुलात येतात. एका शिक्षकाऐवजी तासातासाला बदलणारे सर आणि मॅडम, तुकड्या, वेळापत्रक, शेकडो अनोळखी मुले, आणि एसटीचा प्रवास. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. पासाची सोय झाली तरी गर्दीत चढायचे कसे, गाडी चुकली तर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. सुट्टीत एकदा मुलासोबत त्याच गाडीने जाऊन यावे, परतताना त्याला पुढे करून तिकीट काढू द्यावे. गाडी चुकल्यास थांबायची जागा आणि फोन करायचे दुकान ठरवून द्यावे. वेळापत्रक वाचायला आणि त्याप्रमाणे दप्तर भरायला शिकवावे. दहा वर्षांचे मूल रडत नाही, गप्प होते. म्हणून या वयात रडण्यापेक्षा गप्प राहण्याकडे जास्त लक्ष द्यावे.

2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आहे. तीतही उत्तीर्ण न झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसावे लागते. अशा मुलासाठी जून फार कठीण जातो, कारण सोबती पुढच्या वर्गात गेलेले असतात. पाहुण्यांसमोर त्याचा निकाल चघळू नये, आणि शाळा उघडण्यापूर्वी त्याच्या नव्या वर्गातल्या दोघा-तिघांशी त्याची गाठ घालून द्यावी.

मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सोलापूर जिल्ह्यातून पाचवीची मुले निवड परीक्षा देऊन इथे सहावीला येतात आणि निवासी राहतात. राहणे, जेवण, शिक्षण मोफत. तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या, वर्गाची क्षमता 80. निवड झाली की गावात पेढे वाटले जातात, सत्कार होतात. मग एका दुपारी अकरा वर्षांचे मूल पत्र्याची पेटी घेऊन सदनात उतरते आणि रात्री त्याला घरची आठवण येते. सत्कार झालेला असल्यामुळे ती बोलून दाखवायचीही चोरी. शिवाय आणखी एक धक्का असतो, जो पालकांच्या ध्यानात येत नाही. आपापल्या गावात पहिली आलेली ऐंशी मुले इथे एका इयत्तेत असतात, आणि त्यांतली एकोणऐंशी पहिल्या चाचणीत पहिली येत नाहीत. हे घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

घरच्या ओढीवर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2007 मध्ये एक अहवाल काढला होता. त्यातल्या सूचना पोखरापूरलाही तंतोतंत लागू पडतात. जाण्याच्या निर्णयात मुलाचा वाटा असावा. आधी मामाकडे, आत्याकडे आई-वडिलांशिवाय दोन-तीन रात्री राहायचा सराव व्हावा. आणि ‘नाही करमलं तर लगेच घेऊन येईन’ हे वचन कधीही देऊ नये. हे वचन प्रेमापोटी दिले जाते, पण त्यातून मुलाला कळते की आई-बापालाच आपल्या टिकण्याची खात्री नाही. मग प्रत्येक कठीण रात्री ते सुटकेचा विचार करते, रुळण्याचा नव्हे. त्याऐवजी पुढच्या भेटीची तारीख सांगावी आणि पाळावी. फोनवर घरच्या म्हशीला रेडकू झाल्याचे, शेजाऱ्यांच्या लग्नाचे साधे सांगावे. ‘तुझ्यावाचून घर खायला उठतं’ हे मनात ठेवावे. आठवण संध्याकाळी, अंथरुणावर आणि रविवारी जास्त येते, कारण हात रिकामे असतात. पेटीत एक वही, घरचा फोटो, एखादे गोष्टीचे पुस्तक असू द्यावे. अंथरूण ओले होण्याची सवय असेल तर गृहप्रमुखांना एकट्यात गाठून आधी कल्पना द्यावी. कपडे धुणे, अंथरूण घडी करणे, ताटात वाढेल ते खाणे, ही कामे मे महिन्यात घरी शिकलेली असली की मूल पहिल्याच आठवड्यात हसण्याचा विषय होत नाही. नवोदयमध्ये नववीला काही मुले वर्षभरासाठी हिंदीभाषक राज्यातल्या विद्यालयात पाठवली जातात, हेही त्यांना सहावीतच माहीत असलेले बरे.

रुळायला दोन ते चार आठवडे लागणे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही रोज तेवढेच रडणे, झोपेत दचकून उठणे, जेवण तुटणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतणे, शाळेच्या नावाने थरथरणे चालू असेल तर मदत घ्यावी. आधी नजर आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारे मूल वर्ग टाळते आणि ते आळशी ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतात, त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवू नये. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. मारहाण किंवा छळाचा संशय असेल तर 1098 ही बालकांची मदतवाहिनी.

मोहोळच्या परिसरात शाळा वर्षातून दुसऱ्यांदाही सुरू होते, दिवाळीनंतर. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले अर्ध्या वर्षात अनोळखी शाळेच्या दारात उभी राहतात. इथल्याही काही घरांतून माणसे तोडीला बाहेर पडतात. दाखला नाही म्हणून अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायदा तसे स्पष्ट सांगतो. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक असते. गाव सोडण्यापूर्वी ते शाळेतून मागून घ्यावे आणि नव्या गावी दाखवावे. मुलाला जुन्या शाळेतली एक वही बरोबर नेऊ द्यावी, म्हणजे नव्या बाईंना तो कुठवर शिकलाय ते कळते आणि त्यालाही दाखवायला काही असते. जी मुले मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्या बाबतीत निघून जाणारे पालक असतात आणि मूल जागेवर राहते. टोळीची गाडी पहाटे येते, म्हणून मुलाला झोपेतच सोडून जायची रीत आहे. ती मोडावी. त्याला उठवावे, कुठे जातोय त्या गावाचे नाव सांगावे, फोनचा वार ठरवावा आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की कोणत्या सणाच्या आसपास परत येणार ते सांगून मगच गाडीत बसावे.